शनिवारचा आकडा

सुध्या, आज शनिवार. महिन्याचा पहिला नाही, शेवटचा, म्हणजे तुझा वार नाही. तरी साडेसातला लॅबचं दार वाजलं की माझी मान वर होते. तुला जाऊन सतरा दिवस झाले. तेरावं झालं, लोक तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलून आपापल्या घरी गेले. क्लासच्या मुलांनी फळ्याला तुझा फोटो लावला आणि कोणीतरी तुला गणितातला देवमाणूस म्हणालं. तू असतास तर म्हणाला असतास, देव राहू द्या, आधी गृहपाठ दाखवा. मी मात्र काहीच बोलले नाही. चोवीस वर्षं लोकांच्या हातात सुया टोचणारी बाई मी, एरवी माझ्या तोंडाला लागायची कोणाची छाती नाही. पण तुझी थोरली बहीण म्हणून जे सांगायचंय ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

उद्या सकाळी तुझी बायको माझ्याकडे वारज्याला येणार आहे. वैशालीला तुझे सगळे रिपोर्ट हवेत. त्या क्लिनिकवर तक्रार करायची म्हणते, अर्ज अर्धा लिहूनही झालाय. कागद मी आज लॅबमधून आणलेत. पिशवीत आहेत, पिशवी समोर टेबलावर आहे, आणि दुपारपासून मी तिच्याकडे साप बघावा तशी बघते आहे. त्यातला शेवटचा कागद वैशालीने पाहिला की प्रश्न येणार. म्हणून आधी तुझ्याशी बोलते. कारण त्या शेवटच्या शनिवारी मी काय केलं ते तुलाही माहीत नाही.

हा शनिवार सहा वर्षांपूर्वी सुरू झाला. तुझी बोटं सुजायला लागली आणि संधिवाताचं निदान झालं. फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाची नेमकी बोटंच धरली त्याने. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तू धायरीहून स्कूटरवर यायचास, तेही उपाशी. सीआरपीला उपाशी यावं लागत नाही हे तुला शंभरदा सांगितलं. तू म्हणायचास, उपाशी माणसाचं रक्त खोटं बोलत नाही. सीआरपी म्हणजे अंगात सूज पेटली आहे का ते सांगणारा आकडा. कुठे पेटली ते तो सांगत नाही, कशाने पेटली तेही सांगत नाही, फक्त किती ते सांगतो. मी तुझं रक्त काढायचे, तू दुसरीकडे बघायचास. पन्नाशीकडे झुकलेला बाप्या, पण सुई बघायची हिंमत नव्हती.

आमच्या लॅबचे दोन नियम आहेत. घरच्या माणसाचं रक्त मशीनला दुसऱ्याने लावायचं. आणि आकडा तोंडी सांगायचा नाही, कागदच हातात द्यायचा, मग समोर कोणी साहेब असो की सख्खा भाऊ. पहिला नियम मी पाळला. दुसरा तुझ्यासाठी पहिल्याच महिन्यात मोडला, कारण कागदाची वाट बघण्याइतका धीर तुला नव्हता. रक्त दिलं की तू मंडईत भाजीला जायचास आणि तासाभराने तिथूनच तुझा फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट "किती?" मी सांगायचे. छापलेले कागद मग लॅबच्या फाइलमध्येच पडून राहायचे. तुला त्यांची गरजच पडली नाही. ताईने सांगितलं म्हणजे झालं.

घरी गेल्यावर तू आलेखाच्या कागदावर ठिपका मांडायचास. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. निळा ठिपका माझ्या आकड्याचा, लाल ठिपका तुझ्या मनाचा, दहापैकी. मनाचे मार्क तू स्वतः देत नव्हतास. आपला पेपर आपण तपासायचा नसतो म्हणायचास. ते काम वैशालीकडे. ती अमरावतीची, आडपडदा नाही, दोन वाटले तर दोन देणार आणि तोंडावर सांगणार. आम्ही दोघी तुझ्या त्या कागदाच्या नोकर होतो म्हण ना.

लाल ठिपके सुरू झाले ते दुसऱ्या वर्षी. तू क्लासला जायचा थांबलास. गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या बिल्डिंगकडे बघत बसायचास, दुपार कलली तरी अंघोळीचा पत्ता नाही. आणि मी काय केलं? मी आले आणि तुला ऐकवलं. जरा बाहेर पड, पहाटे सिंहगड चढ, लोकांना केवढी दुःखं असतात, तुला काय कमी आहे. गुडघे सुजलेल्या माणसाला मी सिंहगड चढायला सांगत होते, एवढी माझी अक्कल. तू ऐकून घेतलंस. चहा झाल्यावर एकच बोललास.

"ताई, बोटं सुजली तेव्हा तू औषध विचारलंस. आता हे सुजलंय, तर सल्ला देतेस."

मला राग आला होता. खरं सांगते, त्या वेळी मला वाटलं की हा नाटकं करतोय. बोटांची सूज मला मशीनमध्ये दिसत होती. मनाचं काही दिसत नव्हतं, आणि जे मशीनला दिसत नाही ते माझ्या लेखी नव्हतंच. तुझ्या कागदाने मला शिकवलं. वर्षभराने तू तो कपाटाच्या दारावरून सोडवून माझ्यासमोर पसरलास. निळी रेघ वर गेली की पंधरा-वीस दिवसांनी लाल खाली येत होती. दर वेळी नाही, पण बहुतेक वेळा. तू बोटाने दाखवत होतास आणि तुझ्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी गणित सुटल्याचा आनंद होता. हे दुःख नाही गं, म्हणालास, ही सूज आहे. मी कमकुवत नाहीये.

ते ऐकून मला रडू आलं होतं, तुला दाखवलं नाही. तू किती वर्षं स्वतःला कमकुवत समजत बसला होतास, आणि त्यात माझा वाटा केवढा होता. त्या दिवसाचे मी तुझे आभार मानायला हवे होते. मी काय म्हणाले? "सांध्यांच्या दुखण्यावर मन आणि मनाच्या दुखण्यावर सांधे. जखम मांडीला आणि मलम शेंडीला." तू हसलास म्हणून निभावलं.

मग तुझं वाचन सुरू झालं आणि आपलं भांडणही. मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी तू दोनावरून पाचापर्यंत आला होतास, पण तिथेच अडकलास. कुठूनतरी तू स्टेम सेलचं वाचून काढलंस. नाळेतून काढलेल्या पेशी रक्तात सोडतात, त्या अंगातली सूज शमवतात, सूज शमली की कदाचित मनही वर येतं. कदाचित हा शब्द तुझ्या तोंडी असायचा, पण डोळ्यांत नसायचा. मी आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमना विचारलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. म्हणाल्या, काही माणसांत सूज आणि नैराश्य यांचा संबंध दिसतो, सगळ्यांत नाही. या पेशींनी त्यावर काही फरक पडतो का ते तपासणं चालू आहे. चालू आहे म्हणजे ठरलेलं नाही. रीतसर चाचणीत घेतलं तर जाऊ दे, बाहेर कोणी देतो म्हणालं तर त्या दारात पाऊल टाकू नको म्हणावं. मी हे तुला शब्दन्‌शब्द सांगितलं. तू एका चाचणीसाठी अर्जही केलास. त्यांनी घेतलं नाही, संधिवाताच्या गोळ्या चालू असलेला माणूस त्यांच्या नियमात बसत नव्हता.

त्याच वर्षी दिवाळीत वैशालीला तुझ्या उशीच्या अभ्र्यात झोपेच्या गोळ्या सापडल्या. न खाता साठवलेल्या. ती सगळ्या घेऊन माझ्याकडे आली. मी त्या डब्यात घालून कपाटाला कुलूप लावलं. मनाच्या डॉक्टरांना आम्ही दोघींनी जाऊन सांगितलं, त्यांनी औषध बदललं, तुझ्याशी बोलले. तू नंतर म्हणालास की झोप येत नव्हती म्हणून ठेवल्या होत्या. आम्ही बरं म्हटलं. पण त्या दिवसापासून मला तुझ्या आजाराची भीती वाटेनाशी झाली सुध्या, मला तुझीच भीती वाटायला लागली. फोन दोनदा वाजून तू उचलला नाहीस की मी लगेच वैशालीला लावायचे.

म्हणून चाचणीबाहेर त्या पेशी देणारं क्लिनिक तू शोधलंस तेव्हा मी अडवलं नाही, किंवा अडवलं पण अर्धंच. "दहा वर्षांनी ठरेल म्हणतात. दहा वर्षं मी काय गॅलरीत बसून काढू?" असं तू विचारलंस. बुडत्याला काडीचा आधार असतो, आणि ती काडी हातातून काढून घ्यायची म्हणजे दुसरं काहीतरी हातात द्यावं लागतं. माझ्याकडे काय होतं? सल्ले.

पहिल्या वेळी मी बरोबर आले होते. पांढरे सोफे, गारेगार हवा, भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो. फॉर्मवर नैराश्य हा शब्द कुठे नव्हता, संधिवातही नव्हता, फक्त 'वेलनेस' लिहिलं होतं आणि त्याखाली तुझी सही. मी पेशींच्या पिशवीकडे बघत होते. तू फॉर्म भरत होतास तेवढा वेळ ती गार डब्याच्या बाहेर, टेबलावर पडलेली होती. पिशवीवर नंबर नाही, तारीख नाही. मी विचारलं, जंतू नसल्याची तपासणी केली असेल ना, तिचा कागद बघू. तो कोटातला तरुण म्हणाला, "मॅम, ट्रस्ट द प्रोसेस." एरवी मी त्याचा तिथेच पंचनामा केला असता. पण तू माझा हात दाबलास आणि माझ्याकडे असं बघितलंस की मी गप्प बसले. सुया टोचण्यात चोवीस वर्षं घालवलेली मी गप्प बसले, हे लिहून ठेवते.

आणि पुढचे सहा आठवडे? ते मला नाकारता येत नाहीत. तू तीन जिने न थांबता चढलास. क्लासला परत गेलास आणि वर्गसमीकरणांवर सलग दोन तास घेतलेस. मंडईत आंबेवाल्याशी तू अशी हुज्जत घातलीस की त्याने शेवटी हात जोडले, दादा, न्या पण बोलू नका. मला फोनवर त्याची नक्कल करून दाखवलीस. वैशालीने एका महिन्यात आठ मार्क दिले, आयुष्यात पहिल्यांदा. निळा ठिपका अकरावर आला. मॅडम म्हणाल्या, सलाईनमधून स्टेरॉइड दिलं असेल तर इतका फरक दिसू शकतो, ते काय देतात कोणाला ठाऊक. तू म्हणालास, या पेशी आहेत. मी म्हणाले, ही आशा आहे. तू म्हणालास, आशेने सीआरपी उतरतो का, दाखव कुठे लिहिलंय. हे भांडण आपलं राहूनच गेलं. तुझं बरोबर असेलही. तसं असेल तर मला आनंदच आहे, पण ते सिद्ध करायला तू इथे नाहीस, आणि एका माणसाच्या सहा आठवड्यांवरून काही ठरत नाही हे तूच मला शिकवलेलं गणित आहे.

सहा आठवड्यांनी लाल ठिपका परत खाली सरकू लागला. आठ, मग सहा, मग चार. क्लिनिकवाल्यांनी दुसरा डोस सुचवला. या वेळी तू मला सांगितलंही नाहीस, एकटाच जाऊन आलास. मग दहा दिवसांनी पहिल्या शनिवारी लॅबमध्ये आलास. डोळे ओढलेले होते. संध्याकाळी अंग कोमट होतं म्हणालास, तिथे फोन केला तर पेशी कामाला लागल्या की असं होतं म्हणाले. मी सुई आत घातली, तू दुसरीकडे बघितलंस आणि तिकडेच बघत म्हणालास, "ताई, हा जर वर गेला असेल ना, तर मग माझ्याकडे काही उरलं नाही."

तू मंडईत गेलास. तासाभराने कागद माझ्या हातात आला. चौसष्ट.

इतका तुझा कधीच आला नव्हता. ऐन संधिवातातही नाही. चोवीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या माणसाला कळतं की ही सांध्यांची सूज नव्हे, आत काहीतरी शिरलंय. मॅडम बाहेरगावी होत्या. मी कागद धरून उभी होते आणि माझ्या डोळ्यांसमोर तुझं रक्त नव्हतं, ताप नव्हता. माझ्यासमोर तो उशीचा अभ्रा होता. तू मंडईत एकटा उभा होतास, आणि तुला फोनवर हा आकडा सांगितला तर तू तिथून घरी जाशील की आणखी कुठे जाशील, हेच माझ्या डोक्यात घुमत होतं. तेवढ्यात तुझा फोन.

"किती?"

"सात."

"खरंच?"

"मी तुला कधी खोटं सांगितलंय?"

पलीकडे भाजीवाल्यांचा कालवा ऐकू येत होता. मग तू हसलास, लहानपणी हसायचास तसा, आणि मला विचारलंस की तुला पायरी घेऊ का हापूस. मी म्हटलं पायरी. सोमवारी परत रक्त काढायचं, तुला लॅबमध्ये समोर बसवून खरं सांगायचं, तिथूनच हात धरून डॉक्टरकडे न्यायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. दोन दिवसांचा तर प्रश्न. दोन दिवस तू आनंदात असशील, मग मी बरोबर असेन. असं मी ठरवलं होतं.

रविवारी तुला हुडहुडी भरली. वैशाली म्हणाली दवाखान्यात चल. तू म्हणालास, रिपोर्ट चांगला आलाय, उगाच काय. हे तिने मला सोमवारी हॉस्पिटलच्या बाकावर सांगितलं, काय सांगतेय ते तिला माहीत नव्हतं. मी तिच्या शेजारी बसले होते. रक्तात जंतू पसरलेत असं डॉक्टर म्हणाले, रविवारी आणलं असतं तर बरं झालं असतं असंही म्हणाले. मंगळवारी मी काचेतून तुला पाहिलं. तुझ्या हाताला कोणीतरी सुई धड टोचली नव्हती, सगळं काळंनिळं झालं होतं, आणि मला तेवढ्यासाठी भांडावंसं वाटलं. बुधवारी सकाळी तू गेलास.

तुझं काय झालं असतं खरा आकडा ऐकून? तू मंडईतून सरळ दवाखान्यात गेला असतास कदाचित. तू गणिताचा माणूस, चौसष्ट म्हणजे काय हे तुला कळलं असतं. मी तुला तेवढं मोठं समजलेच नाही. मी तुला उशीच्या अभ्र्याएवढाच धरून चालले. तू कमकुवत नाहीस हे तू मला कागद पसरून दाखवलं होतंस, मी मान डोलावली होती, आणि वेळ आली तेव्हा माझा त्यावर विश्वास नव्हता. मला माफ कर असं लिहायला बसले होते, पण ते लिहवत नाही. माफ करायला माणूस लागतो समोर.

इथवर काल लिहिलं. आज रविवार, संध्याकाळ. वैशाली येऊन गेली.

पिशवीतला शेवटचा कागद काढून ठेवावा असं सकाळी सहापासून दहापर्यंत चार वेळा वाटलं. एकदा काढलाही, फ्रिजवर ठेवला, परत आत घातला. तो नसेल तर तिची तक्रार लंगडी पडते. दुसऱ्या डोसनंतर दहा दिवसांत तुझ्या अंगात काय चाललं होतं हे सांगणारा तेवढा एकच कागद आहे. मला ते कळत होतं. तरी चार वेळा.

ती आली, चप्पल काढली, पाणी नको म्हणाली. फार वाळलीये रे. तिने कागद टेबलावर तारखेप्रमाणे लावले, तुझ्या हाताखाली राहून तिलाही शिस्त लागली आहे. शेवटच्यापाशी तिचा हात थांबला. मग तिने पर्समधून तुझा आलेख काढला, चार घड्या घातलेला, आणि उलगडून शेजारी ठेवला. शेवटच्या निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"इथे सात आहे," ती म्हणाली. "कागदावर चौसष्ट आहे."

मी तोंड उघडायच्या आत तिने स्वतःच उत्तर काढलं. तिचा चेहरा मी बघत होते. म्हणाली, त्याला माहीत होतं तर. माझ्यासमोर खोटा ठिपका मांडला. रिपोर्ट चांगलाय म्हणाला आणि पांघरूण घेऊन झोपला. गोळ्या लपवल्या तसंच. तिचा आवाज चढला नाही, उलट बसत गेला. "शेवटचं माझ्याशी बोलला तेही खोटंच, ताई."

सुध्या, तिथे माझी वाट मोकळी होती. मी एक उसासा टाकला असता, तो तसाच होता गं म्हटलं असतं, की संपलं. कोणाला कळायचं नव्हतं. तो सात फक्त आपल्या दोघांच्या फोनवर बोलला गेला होता, आणि दोघांतला एक आता नाही. मी थांबले. किती वेळ ते माहीत नाही, पण थांबले, हे तुझ्यापासून लपवत नाही. मेलेल्या भावावर ढकलून मोकळी होण्याएवढी मी वाईट आहे की नाही, ते मला त्या वेळात बघावं लागलं.

"तो खोटं बोलला नाही," मी म्हटलं. "त्याला सात मी सांगितला."

तिला आधी कळलंच नाही. मी परत सांगितलं, सगळं, मंडईतल्या फोनसकट. ती ऐकत होती आणि तिचा हात त्या ठिपक्यावरच होता.

"काहून?" ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून हा तिच्या गावाकडचा शब्द मी क्वचितच ऐकला असेल.

मी म्हटलं, मला तापाची भीती नव्हती वाटली, त्याची वाटली होती. तिने मान हलवली, समजल्यासारखी नव्हे, पुरे या अर्थी. मग उठून खिडकीपाशी गेली. मला वाटलं आता निघून जाईल, आणि जावं असंही वाटत होतं. तिथूनच, माझ्याकडे पाठ करून, म्हणाली की रविवारी दुपारी मी रिक्षा बोलावली होती. खाली येऊन उभी होती. तो आलाच नाही म्हणून परत पाठवली. एवढंच म्हणाली.

ती परत येऊन बसली. पर्समधून अर्ज काढला, पेनाचं टोपण काढलं.

"हे अर्जात लिहावं लागेल. नाहीतर ते म्हणतील घरच्यांनीच दडपलं."

"लिही."

"तुमचं नाव येईल. नोकरी जाईल तुमची."

"येऊ दे. लॅबला दोष लावू नको, नियम मी मोडला. बाकी सगळं लिही."

मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. पेशींची ती पिशवी क्लिनिकच्या टेबलावर पडली होती तेही सांगितलं, मी गप्प बसले होते तेही. दोन ठिकाणी तिने थांबवून वेळ विचारली, तुझ्यासारखीच, उगाच अंदाजे काही लिहायचं नाही. तू फोनवर लहानपणीसारखा कसा हसलास ते मला सांगायचं होतं, पण तिने हात वर केला, ते अर्जात लागत नाही म्हणाली. लिहून झाल्यावर मी खाली सही केली.

मग तिने कागद गोळा केले. आलेख घडी घालायला घेतला आणि मध्येच थांबली.

"खोटं नव्हता बोलला," ती म्हणाली. मला नाही म्हणाली, स्वतःलाच.

आणि रडायला लागली. हॉस्पिटलात रडली नव्हती, वैकुंठ स्मशानात नाही, तेराव्याला नाही, नातेवाईक तिला दगड म्हणत होते. आता टेबलावर डोकं टेकून ती रडत राहिली. मी जवळ गेले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो बाजूला केला. बरोबर केलं तिने, सुध्या.